चौथ्या तत्त्वज्ञाची प्रभावळ

शुक्रवारी सकाळी सुतारांनी चर्चच्या पडवीतली परांची सोडवून फळ्या बाहेर नेल्या. झेनोविया चार पावलं मागे सरून भिंतीकडे बघायला उभी राहिली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण एका माणसाला चुकून संत करून टाकलं आहे.

तिने पुन्हा बोट दाखवून मोजलं. उत्तरेच्या भिंतीवर पाच तत्त्वज्ञ. पाचही ग्रीक, पाचही दाढीवाले, पाचही ख्रिस्ताच्या कितीतरी आधी वारलेले. पहिला, दुसरा, तिसरा : डोक्यामागे नुसता निळा रंग. पाचवा : निळा रंग. चौथा : डोक्यामागे ताटाएवढी सोन्याची प्रभावळ, कालच्याच वर्खाची, नव्या पातेल्यासारखी चकाकणारी.

"अगं बाई," झेनोविया म्हणाली. त्या क्षणी तिला याहून विद्वत्तापूर्ण काही सुचलं नाही.

तत्त्वज्ञांना प्रभावळ नसते. त्यांनी डोकं चालवून देवाचा शोध घेतला, बराच लांबपर्यंत आले, म्हणून त्यांना पडवीत उभं करतात. पण बाप्तिस्मा नाही, म्हणून आत नेत नाहीत. जुन्या मठांच्या भिंतींवर चारशे वर्षं हीच वहिवाट आहे.

चूक दोन टप्प्यांत झाली होती. तीन आठवड्यांपूर्वी, गिलावा ओला असताना, ती समोरच्या भिंतीवर चौदा संतांची डोकी आखत होती. खिळा रोवायचा, दोरी ताणायची, गोल काढायचा. चौदा वेळा. मग तिने चहा घेतला, भिंत बदलली, आणि हाताने पंधराव्यांदा तेच केलं. हाताला भिंत बदलल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. मग काल, गुरुवारी, ती वर्ख लावायला चढली आणि जिथे गोल दिसला तिथे सोनं लावत गेली. परांचीवर बसलं की नाकासमोरचं वीतभर दिसतं, भिंत दिसत नाही.

रविवारी नव्याने रंगवलेल्या चर्चची प्रतिष्ठापना होती. बिशप वेनियामिन स्वतः येणार होते, आणि ते भिंती वाचतात अशी त्यांची ख्याती होती. दुसरे बिशप भिंतीकडे बघून "छान, छान" म्हणत जेवायला जातात. हे चष्मा लावून डावीकडून सुरुवात करतात.

आणि झेनोवियाच्या नावावर आधीच एक चूक जमा होती. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावात, तिने येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात बाराऐवजी तेरा शिष्य बसवले होते. धर्मपीठाच्या चित्रसमितीकडून पत्र आलं होतं : 'तेराव्या शिष्याचे नाव कळवावे.' तिने त्याच्यावर पडदा रंगवून टाकला. पडद्याला अजूनही पाय आहेत. समितीने तिचा परवाना रद्द केला नाही, पण खाली लाल शाईने लिहिलं, 'पुन्हा चूक झाल्यास कायमचा.' परवाना गेला की भिंती संपल्या. सुचावा शहरात काकांचं टायरचं दुकान होतं आणि काका दर नाताळात तिला सांगत, "पोरी, तुझी जागा राखून ठेवलीय हं." ते प्रेमाने म्हणत. तिला ते ऐकून दरदरून घाम फुटे.

फादर कालिस्त्रात आले तेव्हा ती जमिनीवर बसली होती.

"काय झालं? कोण गेलं?" फादरनी विचारलं.

तिने नुसतं बोट दाखवलं. फादरनी भिंतीकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

पडवीत तत्त्वज्ञ असावेत हा हट्ट मुळात त्यांचाच. अख्ख्या राकितीश गावाचा विरोध असताना त्यांनी चार रविवार प्रवचनं दिली होती. "बुद्धी माणसाला दारापर्यंत आणते," ते म्हणत, "पण आपल्या चर्चचं आतलं दार बघा, बुटकं आहे. पुढे वाकूनच जावं लागतं." लोकांनी मान डोलावली होती आणि पुढचा महिनाभर ज्याचं त्याचं डोकं त्या दारावर आपटत होतं, कारण आधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"नेमका चौथा," फादर म्हणाले. "दुसरा कुणी मिळाला नाही?"

चौथ्याला नावच नव्हतं. मठातून आणलेल्या जुन्या यादीत प्रत्येक तत्त्वज्ञाचं नाव आणि त्याच्या हातातल्या पट्टीवर काय लिहायचं ते दिलं होतं. पण चौथ्या ओळीवर शंभर वर्षांपूर्वी कुणाची तरी मेणबत्ती गळली होती. मेणाखालून फक्त 'ग्रीक' एवढंच वाचता येत होतं. तेव्हा नाव कोरं ठेवलं आणि पट्टीवरचं वाक्य फादरनी स्वतः रचलं : 'देव काय आहे ते शोधलं, सापडलं नाही. काय नाही, तेवढं कळलं.' या वाक्यावर त्यांनी अकरा दिवस काम केलं होतं. पाद्रीणबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्या अकरा दिवसांत त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

"किती वेळ लागेल काढायला?"

"वर्ख आहे, फादर. पुसला की गेला. अर्धा तास. रेघ राहील, ती चुन्यात कोरलीय. पण ती कुणाला दिसतेय?"

"मग पूस की! बसलीस काय?"

झेनोविया उठली, बादली घेतली आणि वळली. पडवीच्या दारात साफ्ता मावशी उभी होती. हातात पेटलेली मेणबत्ती, मागे अकरा बायका.

साफ्ता मावशी बहात्तर वर्षांची होती, आणि तत्त्वज्ञांना तिच्याइतका कडवा विरोध गावात कुणाचा नव्हता. "बाप्तिस्मा न घेतलेले पाच बाप्ये, आणि चर्चात? उद्या बकऱ्या आणाल!" असं तिने भर प्रवचनात म्हटलं होतं. आता ती सरळ चौथ्यासमोर गेली, तीन वेळा क्रूसाची खूण केली, वाकून जमिनीला हात लावला आणि मेणबत्ती वाळूच्या ताटात रोवली.

"मावशी," फादर सावधपणे म्हणाले, "काय चाललंय?"

"माझ्या इलारियोनचा फोन आला."

इलारियोन हा तिचा एकुलता एक मुलगा. स्पेनमध्ये स्ट्रॉबेरीच्या शेतांवर गेला होता. दोन वर्षं सात महिने त्याचा एक फोन नव्हता. गावात त्याच्याबद्दल दोन मतं होती आणि दोन्ही मावशीसमोर कुणी बोलत नसे.

"काल दुपारी आले होते इथं," मावशी सांगू लागली. "संत निकोलायसमोर अडीच वर्षं मेणबत्त्या लावतेय, पण तो आता म्हातारा झाला, ऐकू येत नाही त्याला. म्हटलं, नवीन कोण आलाय बघू. फळ्यांच्या फटीतून याचं सोनं दिसलं. नाव दिसलं नाही. म्हटलं, बाबा, तू जो कोण असशील तो, माझा पोरगा जिवंत आहे का एवढं सांग. आणि संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन!"

"काय म्हणाला?" झेनोवियाच्या तोंडून निघून गेलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. चाळीस मिनिटं. चालत होता. एकदा शिंकला. मग कुणाशी तरी हसला, मग गाणं गुणगुणला, ते आमच्याकडचंच, लग्नातलं. मी हॅलो हॅलो करून दमले. मग गप्प बसून ऐकलं."

फादरनी झेनोवियाकडे पाहिलं. झेनोवियाने बादलीकडे पाहिलं.

"मावशी," फादर म्हणाले, "तो... हा जो आहे ना... हा संत नाही."

"प्रभावळ आहे की."

"ती चुकून लागलीय."

"देवाच्या घरात चुकून काही होत नाही. हे तुम्हीच सांगता. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी सांगितलंत. निळा झगा होता तुमच्या अंगात."

फादरनी आठवून पाहिलं. त्यांचा निळा झगा होता, आणि वाक्यही त्यांचंच होतं.

"ती बादली कशाला?" मावशीने विचारलं.

झेनोवियाला खोटं बोलता आलं असतं. पण अकरा बायका बादलीकडे बघत असताना खोटं बोलायला जी तयारी लागते ती तिच्याकडे नव्हती. "प्रभावळ पुसायला," ती म्हणाली.

मावशीने भिंतीला लागून असलेल्या बाकावरची धूळ रुमालाने झटकली, तिथे बसली आणि पिशवीतून विणकाम काढलं. बाकीच्या अकराजणी तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. बारा जोड्या सुयांचा आवाज सुरू झाला.

शनिवारी दुपारपर्यंत त्या तिथेच होत्या. पाळ्या लावून जेवायला जात, पाळ्या लावून झोपायला जात. बाकावर कधी आठपेक्षा कमी बायका नसत. तोवर चौथ्याच्या नावावर आणखी तीन चमत्कार जमा झाले. रुसांदाची हरवलेली टर्की परत आली, सोबत दुसऱ्याची एक घेऊन. लोहाराचा गुडघा बरा झाला, उजवा. दुखत होता डावा, पण लोहार म्हणाला, सुरुवात तर झाली. आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी, ज्या तीस वर्षं चर्चमध्ये फिरकल्या नव्हत्या, येऊन चौथ्याच्या हातातली पट्टी वाचली, "अखेर कुणीतरी प्रामाणिक भेटला," असं म्हणाल्या आणि मेणबत्ती लावून गेल्या. कुणीतरी त्याचं नावही ठेवलं होतं : संत ग्रीक.

फादरनी चार वेळा समजावून पाहिलं.

"अहो, त्याने पट्टीवर काय लिहिलंय ते तरी वाचा! देव काय आहे ते सापडलं नाही म्हणतोय! असा संत असतो का?"

"फादर, तुम्हाला सापडला का?" विणता विणता मावशीने विचारलं.

"मला... तसं नव्हे... देवाचं स्वरूप बुद्धीच्या पलीकडे आहे, असं आपले पूर्वाचार्य..."

"म्हणजे नाही सापडला."

"मावशी, त्यात फरक आहे! तो शोधून थकला, आपल्याला देव स्वतः येऊन भेटला. येशूच्या रूपात. हा फरक आहे!"

"मग भेटला तर भेटला. त्या बिचाऱ्याला कशाला हाकलता?"

"हाकलत नाही! पडवीत ठेवतोय!"

"सोनं काढून."

फादर बाहेर जाऊन अक्रोडाच्या झाडाखाली उभे राहिले. झेनोविया त्यांच्यामागे गेली. दुपारचे साडेतीन झाले होते. बिशप चार वाजता संध्याप्रार्थनेला येणार होते.

"एक मार्ग आहे," फादर झाडाकडे बघत म्हणाले. "नाव लिही."

"कुणाचं?"

"कुणाचंही. पंचांगात संतांची काय कमी आहे? एवलाम्पिये. संत एवलाम्पिये कुणाला ठाऊक आहे? त्याची दाढी कशी होती हे बघायला कोण जिवंत आहे? नाव लिहिलं की प्रभावळ रीतसर. बायकांचा संत राहिला, तुझा परवाना राहिला, माझं प्रवचन..." ते थांबले. "प्रवचनाचं मी बघतो."

"आणि पट्टी?"

"पट्टीवर पाल काढ."

"पाल?"

"काहीतरी काढ गं! वेल काढ, द्राक्षं काढ! पंचवीस मिनिटं आहेत."

झेनोवियाने लाल रंगासाठी हिंगूळ घोटला, बारीक कुंचला घेतला आणि शिडी लावली. बायकांनी सुया थांबवल्या.

"नाव लिहितेय त्यांचं," झेनोविया म्हणाली.

"काय नाव?" मावशीने विचारलं.

"एवलाम्पिये."

मावशीने विचार केला. "मी एवलाम्पियेला हाक नव्हती मारली," ती म्हणाली. पण उठली नाही.

झेनोविया वर चढली. आता चौथ्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर होता. तिनेच काढलेला; डावा डोळा जरा मोठा झाला होता, त्यामुळे तो सतत काहीतरी विचारतोय असं वाटे. नाव प्रभावळीच्या उजव्या अंगाला लिहायचं. तिने कुंचला बुडवला, जास्तीचा रंग निथळवला. हात स्थिर होता. तेरावा शिष्य, पाय असलेला पडदा, टायरचं दुकान, काकांचं प्रेमळ हसू, सगळं एकदा डोळ्यांसमोरून गेलं. पाच अक्षरं. पाच अक्षरं लिहिली की ती जन्मभर भिंती रंगवणार होती, आणि ही भिंत पुढची चारशे वर्षं खोटं बोलणार होती. ओल्या गिलाव्यावरची चूक ही चूक असते. कोरड्या भिंतीवर, शुद्धीत, कुंचला निथळवून केलेल्या चुकीला वेगळा शब्द आहे.

खाली मोटारीचं दार वाजलं.

"आले!" फादर बाहेरून ओरडले. "वीस मिनिटं लवकर आले! लिहिलंस का?"

झेनोवियाचा कुंचला भिंतीपासून दोन बोटांवर होता. हिंगुळाचा एक थेंब तिच्या बुटावर पडला.

बिशप वेनियामिन आत आले. उंच, कोरडे, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात मखमलीची लांबट पिशवी, बासरीची असावी तशी. पिशवीत हातोडी होती. प्रतिष्ठापनेत वेदीला खिळे ठोकावे लागतात, आणि एका गावात ऐन मंत्राच्या वेळी हातोडीचं डोकं निसटून गायकमंडळात गेल्यापासून ते स्वतःची हातोडी बाळगत. त्यांनी बायकांना आशीर्वाद दिला, चष्मा लावला आणि डावीकडून सुरुवात केली.

पहिला. दुसरा. तिसरा. प्रत्येकाची पट्टी त्यांनी ओठ हलवत वाचली. चौथ्यापाशी ते थांबले. आधी त्यांनी शिडीवरचे बूट पाहिले, मग वर नजर नेली.

"हे कोण?"

फादर खाकरले. "स्वामी, हे म्हणजे, यादीमध्ये, मेणाच्या..."

"मी हिला विचारतोय. हिच्या हातात कुंचला आहे."

झेनोविया शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती. "माहीत नाही, स्वामी," ती म्हणाली. "संत नाहीत, एवढं माहीत आहे."

"मग डोक्यामागे काय आहे?"

"माझी चूक."

बिशपनी प्रभावळीच्या कडेवरून नजर फिरवली. "चूक बरीच गोल आहे."

"खिळा-दोरीने केलीय, स्वामी."

"आणि कुंचला कशाला?"

आता मात्र फादर पांढरे पडले. झेनोवियाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "खोटं नाव लिहायला चढले होते. लिहिलं नाही."

"नाव मी सुचवलं," फादर म्हणाले. एवढं बोलून त्यांना एकदम हलकं वाटलं असावं, कारण त्यांनी पुढे न विचारताच सांगितलं, "एवलाम्पिये. आणि पाल."

"पाल?" बिशप म्हणाले. कुणी खुलासा केला नाही.

त्यांनी मखमलीच्या पिशवीची दोरी सोडली, हातोडी काढली आणि दांडा झेनोवियाकडे केला. "गिलाव्यासकट काढ. आत्ता."

बारा बायका एकदम उभ्या राहिल्या. लोकरीचा एक गुंडा घरंगळत बिशपांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

"हात लावून तर बघा," साफ्ता मावशी म्हणाली.

"आजी, तुम्ही कोण?"

"ज्या बाईचं याने ऐकलं ती."

मग मावशीने सगळं सांगितलं. निकोलायचा बहिरेपणा, फळ्यांची फट, सात वाजून दहा मिनिटं. बिशप हातोडी धरून ऐकत होते.

"मुलगा काय म्हणाला?"

"काही नाही. चाळीस मिनिटं."

"आजी," बिशपचा आवाज किंचित खाली आला, "फोन खिशात राहिला असेल. बसताना बटण दाबलं गेलं असेल."

"मला कळत नाही का ते?" मावशी उसळली. "मी काय येडी आहे? पहिल्या मिनिटालाच कळलं, फोन खिशात आहे. पण खिसा त्याचा होता ना!"

बिशपनी हातोडीचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आणि तुम्ही फोन ठेवला नाहीत."

"ठेवू कशी? तो होता तिकडे. बोलत नव्हता म्हणून काय झालं. बोलायला काय, पोस्टमनही बोलतो माझ्याशी."

बिशप बाकावर बसले. लोकरीच्या ढिगावरच बसले, पण सांगायची कुणाची छाती झाली नाही.

"मी अकरा वर्षं देवाचं स्वरूप शिकवलं," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "विद्यालयात. देव आपल्या शब्दांत मावत नाही, हे सांगायला मी वर्षाला ऐंशी तास शब्द वापरायचो. एका वर्षी परीक्षेत एका मुलाने कोरा कागद दिला. म्हणाला, 'सर, याहून जास्त लिहिलं तर चूक होईल.' मी त्याला नापास केलं."

"का?" फादरनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"नाव लिहिलं नव्हतं कागदावर. कुणाला मार्क देणार?" बिशपनी वर चौथ्याकडे पाहिलं. "हे वाक्य कुणी लिहिलं?"

"मी, स्वामी," फादर पुटपुटले.

"'शोधलं, सापडलं नाही.' अर्धंच आहे. सापडत नाही ते खरं. पण एखाद्याने चाळीस मिनिटं फोन कानाला धरून बसावं, ते तुमच्या वाक्यात नाही." ते उठले. त्यांच्या झग्याला मागून हिरव्या लोकरीचा धागा चिकटला होता. "प्रभावळ उतरेल. कोण संत ते हाताच्या सवयीने ठरत नाही, आणि खिशातल्या फोनमुळेही नाही. मी सांगतो म्हणून नव्हे. हा माणूस स्वतःच भिंतीवर उभा राहून सांगतोय की मला कळलं नाही. त्याला सोनं चिकटवणं म्हणजे त्याला खोटं पाडणं."

मावशी पुढे आली. "मग मी आता मेणबत्ती कुणाला लावू?"

"पडवीत मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतात. हाही मेलाय. त्याच्याकडे मागू नका, आजी. त्याच्यासाठी मागा. बाप्तिस्मा नाही, नाव नाही, कबर कुठे ते ठाऊक नाही. याच्यासाठी आजवर कुणी एक मेणबत्ती लावली नसेल."

मावशीने चौथ्याकडे पाहिलं. "म्हणजे आता संताचं काम मी करायचं?"

"हो."

"तसंही बिचाऱ्याचं कुणी दिसत नाही," ती म्हणाली. पण सुया तिने अजून पिशवीत टाकल्या नव्हत्या.

"गिलाव्यासकट काढलं तर डोकंही येईल, स्वामी," झेनोविया शिडीवरून म्हणाली. "वर्ख नुसता पुसता येतो. मग खाली रेघ राहील. गोल."

"दिसेल?"

"एरवी नाही. तिरपं ऊन आलं तर. पश्चिमेच्या दारातून."

"किती वाजता?"

"या दिवसांत, सहाच्या सुमारास."

बिशपनी घड्याळ पाहिलं. "उद्या माझी मोटार साडेपाचला निघते," ते म्हणाले आणि हातोडी पिशवीत घातली.

आता अडचण वेगळीच आली. वर्ख ज्या डिंकावर बसवला होता तो दोन दिवसांत पक्का वाळला होता आणि पाण्याने सुटत नव्हता. स्पिरिट संपलं होतं, पाद्रीणबाईंच्या घरी वाइन होती, तिने काही होईना. सोनं सुटेल एवढी कडक, दोनदा गाळलेली प्लमची दारू गावात एकाच घरी निघायची. सगळ्यांनी साफ्ता मावशीकडे पाहिलं.

मावशी बाहेर पडली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. संध्याप्रार्थनेची घंटा द्यायची वेळ टळली. बिशप काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. झेनोविया शिडीवर कापडाचा बोळा धरून होती आणि तिला वाटत होतं, मावशी दार लावून आत बसली असेल, आणि बसली तर तिची काय चूक. फादर दारात जाऊन रस्त्याकडे बघत, परत येत, मान हलवत.

मग मावशी आली. हातात बाटली होती, मक्याच्या कणसाचं बूच लावलेली.

"अर्धीच वापर," ती म्हणाली. "इलारियोनच्या लग्नासाठी ठेवलीय."

झेनोवियाने बोळा भिजवला आणि पुसायला घेतलं. सोनं आधी सुरकुतलं, मग काळपट पडलं, मग बोळ्यावर आलं. खाली निळा रंग होता, जसा पहिल्याच्या, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या मागे होता तसा. पडवीत लग्नघरासारखा वास सुटला. पुसून झाल्यावर मावशीने तो बोळा मागून घेतला. बिशप बघत होते, पण त्याच वेळी त्यांना छतावर काहीतरी वाचण्यासारखं सापडलं.

रविवारी प्रतिष्ठापना झाली. बिशपनी वेदीला चार खिळे ठोकले, बाहेर येताना बुटक्या दाराला डोकं आपटलं, आणि साडेपाचला मोटार गेली. सहाला साफ्ता मावशी पडवीत एकटीच मेणबत्ती घेऊन उभी होती. रेघ दिसली की नाही ते तिने कुणाला सांगितलं नाही. फोनचं म्हणाल तर इलारियोनचा पुन्हा आलाय, एकदाच, तोही खिशातूनच. या वेळी त्रेपन्न मिनिटं.

समितीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. झेनोवियाने ते उभ्यानेच फोडलं. काकांनी त्याच सकाळी फोन करून दुकानाला नवीन जॅक घेतल्याचं कळवलं होतं.

'राकितीश येथील चूक चित्रकर्तीने स्वतः सांगितल्याचे बिशप महोदयांनी लेखी कळवले आहे. त्यामुळे परवाना रद्द करण्यात येत नाही. मात्र चित्रकर्तीच्या हाताची सवय लक्षात घेता, तिला एक वर्षापर्यंत प्रभावळ काढण्यास मनाई करण्यात येत आहे. या काळात तिने केवळ प्रभावळ नसलेल्या व्यक्ती रंगवाव्यात.'

तिने पत्र तीनदा वाचलं. मग जमिनीवर बसून बराच वेळ हसली, आणि शेवटी शेवटी ते हसणं आहे की नाही हे तिचं तिलाही कळेना.

प्रभावळ नसलेल्या व्यक्ती चर्चमध्ये फार नसतात. तत्त्वज्ञ असतात, हेरोद राजा असतो, काही गाढवं असतात. बाकी सगळी गर्दी शेवटच्या निवाड्याच्या भिंतीवर, उजवीकडे खाली. त्यामुळे त्या हिवाळ्यात झेनोविया शेजारच्या खोऱ्यातल्या एका चर्चमध्ये नरक रंगवत होती. काम चांगलं चाललं होतं. तिच्या पाप्यांच्या ओळखी पटू लागल्या होत्या आणि दोन गावकऱ्यांनी तक्रारीही केल्या होत्या.

एका दुपारी तिने तिसऱ्या सैतानाचं डोकं आखलं, चहा घेतला, परत आली आणि गिलावा ओला आहे ना हे बोटाने पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की आपल्या डाव्या हातात खिळा आहे, उजव्या हातात दोरी आहे, आणि दोरी सैतानाच्या डोक्यापाशी ताणलेली आहे.

तिने हात तसेच धरून ठेवले आणि खाली उभ्या असलेल्या तिथल्या पाद्रींना हाक मारली.

"फादर," ती म्हणाली, "जरा वर येता का? आणि येताना ही दोरी कापायला काहीतरी घेऊन या. मी सोडायला गेले, तर हा हात काय करेल याचा मला भरवसा नाही."